कुणाचाच नसलेला प्रशिया

१८०५ च्या युरोपावरचा मोठा वॉरगेम पूर्ण मांडायचा तर फ्रान्स, ब्रिटन, रशिया, ऑस्ट्रिया, प्रशिया, तुर्कस्तान आणि स्पेन अशा सात सत्तांना सात माणसं लागतात. आमच्याकडे पाच खेळाडू होते आणि सहावी मी, पंच म्हणून. स्पेनचं कोडं सोपं होतं. त्या वर्षी तो फ्रान्सच्या दावणीला बांधलेलाच होता, म्हणून त्याच्या सोंगट्या फ्रान्सकडे गेल्या. उरला प्रशिया, म्हणजे बर्लिन राजधानी असलेलं जर्मन राज्य. एक कोटीच्या आसपास प्रजा, दोन लाखांवर कवायती फौज, आणि मुलूख असा पसरलेला की पश्चिमेला फ्रान्स, दक्षिणेला ऑस्ट्रिया आणि पूर्वेला रशिया या तिघांच्याही वाटेत तो येतो. तो चालवायचं काम माझ्याकडे आलं.

ते कसं केलं ते सविस्तर लिहिते आहे. असा बिनखेळाडूचा बडा देश नीट चालला तर सगळी मोहीम जिवंत होते, आणि नाही चालला तर बाकीच्यांचे उत्तम डावही फुकट जातात, हे मी या मोहिमेत जवळून पाहिलं.

आधी रूढ उपाय काय आहेत ते पाहिले. ‘डिप्लोमसी’ हा १९५९ सालचा जुना खेळ. त्यात ज्या देशाला खेळाडू नाही त्याच्या फौजा जागच्या जागी उभ्या राहतात. हल्ला करत नाहीत, आणि मागे हटायची वेळ आली की पटावरून उचलल्या जातात. त्या खेळात हे खपून जातं. पण आमच्या पटावर प्रशिया असा दगडासारखा उभा राहिला असता, तर शेजाऱ्यांनी दुसऱ्याच फेरीपासून त्याचे लचके तोडायला सुरुवात केली असती. दुसरा उपाय म्हणजे असा देश बोली लावून किंवा फासे टाकून एखाद्या खेळाडूला देणं. मग तो देश त्या खेळाडूचा तिसरा हात होतो. ब्रिटनकडे प्रशिया गेला तर ब्रिटन त्याला लंडनच्या फायद्यासाठी खुशाल मरायला पाठवील, आणि त्यात खेळाडूचा दोष काहीच नाही, तो जिंकायलाच बसलेला असतो. तिसरा उपाय तक्त्याचा: असं झालं तर हे कर, तसं झालं तर ते कर. एकट्याने खेळायच्या खेळांत असे तक्ते फार सुंदर चालतात. पण समोर पाच हुशार माणसं असतील तर चार-सहा फेऱ्यांत त्यांना तक्ता पाठ होतो, आणि मग ती प्रशियाशी बोलत नाहीत, तक्त्याशी बोलतात.

मला हवा होता असा प्रशिया, ज्याला जिंकायचं नाही, टिकायचं आहे. जो खेळाडूंना नाही म्हणू शकतो, आणि का म्हणतो ते विचार केला तर त्यांना ओळखता येतं.

म्हणून सर्वात आधी मी एक कागद लिहिला. त्यात बर्लिनच्या दरबाराला काय हवं आहे ते अग्रक्रमाने मांडलं. पहिलं, राज्य शाबूत राहणं. दुसरं, उत्तर जर्मनीत कुणाचीही परकी फौज नसणं. १७९५ च्या एप्रिलमध्ये बाझलला फ्रान्सशी तह करून प्रशिया युद्धातून बाहेर पडला, तेव्हापासून त्याचं सगळं धोरण या दुसऱ्या गोष्टीभोवती फिरत होतं. १८०३ मध्ये फ्रेंचांनी हॅनोव्हर व्यापलं तेव्हा या धोरणाला पहिला मोठा तडा गेला. तिसरं, हॅनोव्हर स्वतःला मिळणं. हा प्रांत प्रशियाच्या मुलखांच्या मधोमध पडतो, पण त्याचा धनी इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज. चौथं, रशियाशी बिघाड न होऊ देणं. आणि पाचवा खजिना. फ्रेडरिक दुसऱ्याने भरलेली तिजोरी मागे ठेवली होती; त्याच्या गादीवर आलेल्या पुतण्याने ती रिकामी करून वर कर्ज केलं. त्यामुळे १८०५ चा राजा, तिसरा फ्रेडरिक विल्यम, फौज जमवायचा हुकूम काढताना खर्चाकडे बघणार हे उघड होतं.

हा क्रम मोहीम सुरू झाल्यावर बदलायचा नाही, असं मी ठरवलं. खेळाडूंना तो दाखवला नाही, पण त्यातलं प्रत्येक कलम इतिहास वाचलेल्या माणसाला अंदाजाने काढता येईल असं होतं. हा समतोल मला फार महत्त्वाचा वाटतो. पूर्ण झाकलेला देश लहरी वाटतो, आणि पूर्ण उघडा देश गिऱ्हाईक होतो.

दुसरं, प्रत्येक सत्तेसमोर दोन आकडे ठेवले, शून्य ते दहा: भीती आणि भरवसा. हे दोन वेगळे ठेवल्याने खूप काही साधलं. एकाच आकड्यात ‘मैत्री’ मोजली की खेळाडू पैसे देतो, आकडा वाढतो, काम होतं. इथे तसं नव्हतं. फ्रान्सबद्दल भीती खूप आणि भरवसाही बऱ्यापैकी, असं एकाच वेळी असू शकत होतं, आणि त्या काळात बर्लिनचं मन खरोखर तसंच होतं. नियम थोडेच होते. विनापरवाना मुलखात फौज घुसवली तर भीती तीनने वर आणि भरवसा दोनने खाली. कबूल केलेली रक्कम वेळेवर आली तर भरवसा एकाने वर. दिलेला शब्द मोडल्याचा पुरावा बर्लिनला मिळाला, तर भरवसा त्या दिवशी कोसळतो आणि पुढे कधीही पाचाच्या वर जात नाही. हा शेवटचा नियम कडक होता. पुढे त्यानेच सगळा खेळ फिरवला.

तिसरी गोष्ट निर्णयाची. फ्रेडरिक विल्यम भिडस्त, युद्धाला नाखूश, आणि भोवती एकमेकांविरुद्ध सल्ला देणारी माणसं. हाउगविट्झ फ्रान्सशी जमवून घेण्याकडे कललेला. हार्डेनबर्ग हळूहळू रशिया-ब्रिटनकडे झुकत गेलेला. राणी लुईसा आणि राजपुत्र लुई फर्डिनांड यांच्याभोवती लढाईची भाषा बोलणारा गट. मी या दरबाराला दोन फासे दिले. बेरीज २ ते ५ आली तर तहवाल्यांचं चालतं, म्हणजे ज्याची सर्वात जास्त भीती त्याच्याशी जुळवून घेतलं जातं. ६ ते ९ आली तर थांबा आणि पाहा. १० ते १२ आली तर तलवारवाल्यांचं. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी १० पहिल्या खान्यात पडतात, २० मधल्या आणि फक्त ६ शेवटच्या. म्हणजे काहीच विशेष घडलं नाही तर प्रशिया बहुतेक वेळा थांबतो. भीती, भरवसा आणि खजिना यांनी बेरजेत भर किंवा घट व्हायची. नुसती दोनची भर पडली तरी तलवारीच्या शक्यता ६ वरून १५ वर जातात. एवढ्याशा बदलाने केवढा फरक पडतो, हे खेळाडूंनी आपल्या चालींतून शोधून काढावं अशी माझी इच्छा होती.

फासे की पंचाची अक्कल, हा वाद जुना आहे. राइसविट्झ पितापुत्रांनी घडवलेल्या क्रीगश्पील या प्रशियन युद्धखेळात, म्हणजे मुलाच्या १८२४ च्या नियमांत, फासे आणि कोष्टकं होती. पुढे १८७६ मध्ये फेर्डी दु व्हेर्न्वा यांनी कोष्टकं बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवावा असं मांडलं. मला इथे एक गोष्ट मनापासून भावते. थोरल्या राइसविट्झने आपला युद्धपट १८१२ मध्ये ज्या राजाला सादर केला, तो हाच तिसरा फ्रेडरिक विल्यम. ज्याच्या मनाचा अंदाज मी फाशांनी बांधत होते, त्याच्या दरबारातच पंच आणि फाशांच्या या खेळाला आश्रय मिळाला होता. मी दोन्ही वाटा जोडल्या: काय हवं आणि काय नको ते कागदाने ठरवायचं, किती धीर होतो ते फाशांनी, आणि हुकमाची नेमकी शब्दरचना माझी.

आता या कामातला सर्वात कठीण भाग. पंचाला सगळं दिसतं. फ्रान्सचे गुप्त हुकूम, रशियाची रसद, ऑस्ट्रिया आतून किती खचला आहे, सगळं. पण बर्लिनला हे दिसत नाही. बर्लिनला दिसतं ते वकिलांची पत्रं पोचतात तेवढंच, आणि तेही उशिरा. पंच स्वतः प्रशिया चालवत असेल तर नकळत त्याचा प्रशिया सर्वज्ञ होतो. तो सापळ्यात पाऊल टाकत नाही, फसव्या पत्राला भुलत नाही, आणि खेळाडूंच्या मुत्सद्देगिरीला काही अर्थ उरत नाही. त्यासाठी मी एक वेगळी वही केली. तिच्यावर लिहिलं: ‘बर्लिनला काय ठाऊक आहे’. प्रत्येक फेरी एका महिन्याची. व्हिएन्नाची बातमी त्याच फेरीत, पॅरिसची बहुधा त्याच फेरीत, सेंट पीटर्सबर्ग आणि लंडनची पुढच्या फेरीत. वहीत जे उतरलं नाही त्यावर प्रशिया निर्णय घेऊ शकत नाही. आणि प्रशियाचे हुकूम मी खेळाडूंचे त्या फेरीचे हुकूम उघडण्याआधी लिहून पाकिटात बंद करायची. ही शिस्त कंटाळवाणी आहे, वेळखाऊ आहे, आणि तिच्याशिवाय बाकीचं सगळं पोकळ आहे. कुणी मला या सगळ्यातली एकच गोष्ट उचलायची म्हणून विचारलं तर मी वहीकडे बोट दाखवीन.

मोहीम सप्टेंबर १८०५ पासून सुरू झाली. फ्रान्स चालवणारा मित्र वाचलेला माणूस. खऱ्या इतिहासात ३ ऑक्टोबर १८०५ ला फ्रेंच सेनापती बर्नाडोटची फौज प्रशियाच्या आन्सबाख मुलखातून परवानगी न घेता गेली आणि त्या एका घटनेने बर्लिन फ्रान्सवर किती बिथरलं, हे त्याला माहीत होतं. त्याने आन्सबाख टाळलं, वळसा घेतला. त्या वळशात त्याचे दिवस गेले आणि उल्मला ऑस्ट्रियाच्या फौजेभोवतीचा फास पुरता आवळला गेला नाही. ऑस्ट्रियन सेनापती माकची अर्ध्याहून जास्त फौज इन नदीकडे निसटली. मला त्या चालीचा आदर वाटला. पटावर हजर नसलेल्या राजाला जपण्यासाठी त्याने हातातला विजय अर्धा सोडला होता.

खरा धक्का रशियाने दिला. कुतुझोव्हची फौज गॅलिशियातून, म्हणजे ऑस्ट्रियाच्या मुलखातून पुढे गेली होती. मागून येणाऱ्या दुसऱ्या फौजेला जवळची वाट हवी होती आणि ती प्रशियाच्या पोलंडमधून जात होती. वॉर्सा तेव्हा प्रशियाकडे होतं. रशियाच्या खेळाडूने परवानगीचं पत्र पाठवलं आणि उत्तराची वाट न बघता फौज आत घातली. पाकीट उघडलं तेव्हा प्रशियाचा हुकूम आधीच लिहिलेला होता: परवानगी नाही, पूर्व सीमेवर फौज जमवा.

“अगं, पण प्रशिया रशियाशी कधीच लढणार नाही,” तो म्हणाला.

“सप्टेंबर १८०५ मध्ये त्याने फौज जमवायला घेतली होती ती रशियाविरुद्धच,” मी म्हणाले. झार जबरदस्तीने वाट मागत होता म्हणून बर्लिन पूर्वेकडे तोंड करून उभं होतं. आन्सबाखची बातमी आली आणि राजाने तोंड फिरवलं. आमच्या खेळात आन्सबाख घडलंच नव्हतं. मग तोंड फिरवायला कारण कुठलं?

रशियाबद्दलची भीती तीनने चढली. दरबाराच्या फाशांत दोनची भर पडली आणि तलवार रशियावर उपसली जाण्याच्या १५ शक्यता ३६ मध्ये उभ्या राहिल्या. फाशांवर ६ पडले, भर धरून ८. थांबा आणि पाहा. खोलीत सगळ्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला, फ्रान्स सोडून.

यानंतर रशियाच्या खेळाडूने जे केलं ते या मोहिमेतलं मला सर्वात आवडलेलं मुत्सद्दीपण. त्याने फौज प्रशियाच्या हद्दीतून मागे घेतली, दाणावैरणीची भरपाई पाठवली, आणि झारला स्वतः बर्लिनला पाठवलं. आमच्या नियमांत राजा सैन्यापासून दूर गेला की त्या फेरीत फौजेची गती निम्मी होते. म्हणजे या भेटीची किंमत खरी होती, आणि बर्लिनला ती दिसत होती. नुसत्या गोड शब्दांना माझ्या कागदात भाव नव्हता. स्वतःचं काही खर्ची घालून केलेल्या गोष्टीला होता. भरवसा वर आला, भीती उतरली. खरोखरच्या १८०५ मध्येही झार अलेक्झांडर ऑक्टोबरअखेर बर्लिनला गेला, ३ नोव्हेंबरला पोट्सडॅमचा करार झाला आणि फ्रेडरिक दुसऱ्याच्या थडग्यापाशी शपथा झाल्या. पटावर ते वेगळ्या वाटेने घडून आलं, कुणी ठरवून न आणता.

पानिपतच्या आधी शुजाउद्दौला कुणाच्या छावणीत जाणार यावर जसे भाऊ आणि अब्दाली दोघेही डोळे लावून होते, तसं आता प्रत्येक खलित्याचं तोंड बर्लिनकडे होतं.

ब्रिटनने पैसा मांडला. फ्रान्सविरुद्धच्या ब्रिटन-रशिया-ऑस्ट्रियाच्या तिसऱ्या आघाडीत लंडनचा दर ठरलेला होता: लाख सैनिकांमागे वर्षाला साडेबारा लाख पौंड. प्रशियाने १ लाख ८० हजार उभे केले तर साडेबावीस लाख. आकडा मोठा होता, पण माझ्या कागदात खजिना पाचव्या क्रमांकावर होता. पैशाने फौज जमवायची भीती कमी होत होती, लढायची इच्छा वाढत नव्हती. ब्रिटनच्या मैत्रिणीला हे दोन फेऱ्यांत उमगलं. मग तिने हॅनोव्हरचा विषय काढून पाहिला. मी तिला एवढंच विचारलं, की हे पत्र तिसरा जॉर्ज वाचेल तेव्हा तुझ्या मंत्रिमंडळाचं काय होईल? तिने पत्र फाडलं. स्वतःच्या राजाचा वडिलोपार्जित मुलूख देऊ करणं लंडनला परवडणारं नव्हतं, आणि फ्रान्सला दुसऱ्याचा मुलूख वाटायला काहीच पडत नव्हतं. या एका विषमतेतून त्या वर्षाचं अर्धं राजकारण जन्माला आलं.

फ्रान्सने हॅनोव्हर देऊ केलंच. दुरॉकला ऑगस्ट १८०५ मध्ये नेपोलियनने बर्लिनला पाठवलं होतं ते याच बोलीसाठी. माझ्या कागदाप्रमाणे तिसरं कलम पुरं होत होतं, पण दुसरं आधी: उत्तर जर्मनीत परकी फौज नको. म्हणून प्रशियाचं उत्तर गेलं, ‘आधी तुमची फौज तिथून हलवा.’ फ्रान्सला ती फौज दक्षिणेत हवीच होती. ती हलली, आणि प्रशियाची पलटण ‘बंदोबस्तासाठी’ आत गेली. ब्रिटन संतापलं, पण प्रशियाची व्यापारी जहाजं पकडली नाहीत. तिला प्रशिया अजून हवा होता.

डिसेंबरात ओल्मुट्झजवळ मोठी लढाई झाली. खऱ्या इतिहासात ऑस्टरलिट्झला नेपोलियनने आघाडी मोडली, तसा निकाल लागला नाही. दोन्ही बाजू रक्तबंबाळ, फ्रेंच मैदानावर टिकलेले, आघाडी मागे सरलेली पण न मोडलेली. आता प्रशिया उतरला असता तर फ्रेंचांची पिछाडी उघडी पडत होती. तिघांनीही एकदमच पत्रं पाठवली. मी फेरीच्या क्रमाने सगळे आकडे मांडले. फ्रान्सची भीती मध्यम, कारण आन्सबाख घडलं नव्हतं. हॅनोव्हर हातात, तेही फ्रान्सच्या मर्जीने. रशियावर भरवसा परतलेला, पण पुरता नाही. एकूण भर एकची. लढाईच्या १० शक्यता, थांबण्याच्या २०, जुळवून घेण्याच्या ६.

थांबा आणि पाहा.

प्रशियाचा वकील मध्यस्थीचा प्रस्ताव घेऊन निघाला. प्रवासाला एक फेरी लागते, फौज जमवायला दोन. या मधल्या वेळात ऑस्ट्रियाच्या खेळाडूने आपल्या राज्याकडे पाहिलं, व्हिएन्ना हातची गेलेली, पैसा संपलेला, आणि त्याने फ्रान्सशी वेगळा तह केला. ब्रिटनने मला सुनावलं, “पावणेदोन लाख फौज नुसती उभी राहिली आणि आघाडी मेली.” ती चिडली होती आणि मला तिचा राग रास्त वाटला. पण खऱ्या हाउगविट्झनेही हेच केलं होतं. तो १४ नोव्हेंबरला निघाला, २८ ला ब्रुनमध्ये नेपोलियनला भेटला, नेपोलियनने त्याला व्हिएन्नाला पाठवून दिलं, २ डिसेंबरला ऑस्टरलिट्झ झालं, आणि खलित्यात धमकी घेऊन निघालेल्या वकिलाने १५ डिसेंबरला श्योनब्रुनला हॅनोव्हर घेऊन मैत्रीचा तह केला. थांबणं ही काही न करण्याची गोष्ट नसते. दोन लाख फौज थांबते तेव्हा तिच्या थांबण्याचं वजन प्रत्येक शेजाऱ्याच्या गणितात पडतं. खेळाडूला प्रशिया दिला असता तर त्याने त्या डिसेंबरात नक्की उडी घेतली असती, कारण आपल्याला पुढचं माहीत आहे. बर्लिनला नव्हतं.

१८०६ मध्ये मोहिमेने वळण घेतलं ते फ्रान्सच्या एका पत्रामुळे. फ्रान्सला आता ब्रिटनशी तह हवा होता, आणि गुप्त बोलणीत त्याने हॅनोव्हर परत द्यायची तयारी दाखवली. त्याला वाटलं, पत्र दोघांतच राहील. ब्रिटनने त्याची नक्कल थेट बर्लिनला पाठवली. मला ‘बर्लिनला काय ठाऊक आहे’ या वहीत एक ओळ लिहावी लागली आणि भरवशाचा आकडा सातवरून शून्यावर आला. हेही इतिहासाशी जुळतं: त्या उन्हाळ्यात नेपोलियनने हॅनोव्हर ब्रिटनला देऊ केल्याची बातमी बर्लिनला पोचली आणि ९ ऑगस्टला राजाने फौज जमवायचा हुकूम काढला. १२ जुलैला नेपोलियनच्या छत्राखाली जर्मन राज्यांचा ऱ्हाइन संघ उभा राहिला होता, त्याने आधीच जखमेवर मीठ चोळलं होतं. आमच्या फ्रान्सने ऱ्हाइन संघ उभारलाच नव्हता, तरी शब्द मोडल्याचा नियम एकटा पुरेसा ठरला. फाशांत चारची भर. तलवारवाले जिंकले.

इथे एक व्यावहारिक अडचण येते: बिनखेळाडूच्या देशाची लढाई कोण लढणार? पंचाने लढू नये असं माझं मत. तो निकाल देणारा. त्यानेच चाली खेळल्या तर समोरच्याला मनमोकळं हरताही येत नाही. मी प्रशियाचे लेखी हुकूम तुर्कस्तानच्या खेळाडूला दिले. त्या भागात त्याचा काही स्वार्थ नव्हता. हुकमांत बंधनं होती: सेनापती ब्रुन्सविकचा ड्यूक, वय ७१, होहेनलोहे त्याचं सहज ऐकत नाही, म्हणून दोन्ही दलांना एकत्र हलवायला वेगळा फासा, आणि तलवारवाल्यांचं चालत असल्याने रशियाची वाट पाहायची की एल्ब ओलांडून पुढे जायचं, हेही फाशांवर. त्या शेवटच्या फाशात मात्र रशियावरच्या भरवशाची भर होती. खऱ्या इतिहासात प्रशिया एकटाच थुरिंगियात पुढे गेला, आणि १४ ऑक्टोबर १८०६ ला येना आणि आउअरश्टेटला त्याची फौज मोडली. आउअरश्टेटला तर फ्रेंच सेनापती दाव्हूने आपल्या दुपटीहून मोठ्या फौजेला हरवलं. आमच्याकडे झारच्या त्या बर्लिनभेटीचं पुण्य कामी आलं. प्रशिया एल्बच्या मागे थांबला. तरी हरला, नदीचा एक उतार राखायला उशीर झाला म्हणून, पण अर्धी फौज घेऊन मागे सरला आणि व्हिस्चुलाकाठी रशियनांना मिळाला. १८०७ च्या टिल्झिटच्या तहात खऱ्या प्रशियाने जवळजवळ निम्मं राज्य गमावलं. आमच्या प्रशियाने हॅनोव्हर आणि पश्चिमेचे तुकडे गमावले आणि पूर्व राखली.

मोहीम संपल्यावर मी कागद, वही आणि सगळी पाकिटं टेबलावर ठेवली. हे मला गरजेचं वाटतं. खेळाडूंनी दीर्घकाळ ज्या दरबाराला पत्रं लिहिली, त्याच्या मनात तेव्हा काय होतं हे जाणून घ्यायचा त्यांचा हक्क आहे, आणि पंचाने वशिला केला नाही याची खात्री करून घ्यायचाही. फ्रान्सच्या मित्राने सगळ्यात आधी ते हॅनोव्हरच्या पत्राचं पान काढलं. “हे पाठवलं नसतं तर?” त्याने विचारलं. आम्ही दोघांनी मिळून पुढच्या फेऱ्यांचे आकडे मांडून पाहिले. भरवसा सात, भीती चार, हॅनोव्हर हातात. १८०७ च्या वसंतापर्यंत प्रशिया जवळपास निश्चित स्वस्थ बसला असता. रशियाच्या मित्राला उलट कुतूहल होतं, की बर्लिनच्या भेटीचे नेमके किती गुण मिळाले. दोन मिळाले होते. त्याला आणखी हवे होते, आणि आम्ही त्यावर बराच वेळ भांडलो. त्याचं म्हणणं असं, की राजा स्वतः येतो तेव्हा ती गोष्ट दोन राजांतली होते, दोन राज्यांतली नाही, आणि माझ्या कागदात माणसामाणसांतल्या ओलाव्याला जागाच नव्हती. या मुद्द्यात मला तथ्य वाटतं. पुढच्या वेळी राज्यकर्त्यांमधल्या भरवशाचा वेगळा आकडा ठेवणार आहे.

पुढच्या वेळी बिनखेळाडूचा देश तुर्कस्तान आहे, कारण तो चालवणारा आता प्रशिया मागतो आहे. त्याला हाच साचा लावून चालणार नाही. बर्लिनमध्ये एक राजा आणि त्याच्या कानाशी दोन-तीन आवाज होते. इस्तंबूलमध्ये तिसरा सेलिम आपली नवी कवायती फौज उभारतो आहे आणि जानिसारी, म्हणजे सुलतानाची जुनी फौज, तिच्या जिवावर उठलेले आहेत. सर्बियात १८०४ पासून उठाव चालू आहे. आणि फेब्रुवारी १८०७ मध्ये डकवर्थचं ब्रिटिश आरमार दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीतून आत शिरेल, त्याच वर्षी मे महिन्यात सुलतानाची गादी जाईल. म्हणजे इथे बाहेरच्यांबद्दलची भीती आणि भरवसा मोजून भागणार नाही, घरातल्यांचीही मोजावी लागेल, आणि एखाद्या फेरीत निर्णय घेणारा माणूसच बदलेल. बातम्यांची वही मात्र तशीच राहील, फक्त पत्रांचे महिने वाढतील. सध्या मी सामुद्रधुन्यांतून कुणाची जहाजं जाऊ द्यायची, या कलमाला पहिलं स्थान द्यायचं की दुसरं, यावर अडले आहे.